पडद्याचा मालक

पडद्यावर खिडकी उघडली, पण ती काळीच राहिली. आवाज मात्र स्पष्ट येत होता.

"अक्काताई, आहेस का गं?" बाळगोंडा विचारत होते.

"आहे की. पडदा बघायला माणूस आलाय. जरा थांबा," त्या म्हणाल्या.

इचलकरंजीतली बरीच मेलेली माणसं आता एकाच मोठ्या यंत्रात राहत होती. तिथून आवाज कुणाच्याही घरी यायचा. चेहरा दाखवायचा, तर घरच्या पडद्याच्या मालकाला समोर बसून अंगठा द्यावा लागे. घर, गॅस आणि वीजमीटर यांच्यासारखा पडदाही अक्काताईंच्या नवऱ्याच्या, बाळगोंडांच्याच नावावर होता.

दुरुस्तीला आलेल्या तौफिकने आवाज बंद केला. "मावशी, पडदा तुमच्या नावावर करून देतो. लगेच दिसतील."

"कर मग."

"मालक वारल्याची नोंद करावी लागंल. यंत्राला शिस्त लई. ते आधी मालकालाच कळवतंय."

आपण अजून दवाखान्यात आहोत आणि ऑपरेशनमुळे डोळ्यांवर पट्टी आहे, असंच बाळगोंडांना वाटत होतं. तसं त्यांना अक्काताईंनीच सांगितलं होतं.

"करू का नोंद?" तौफिकने विचारलं.

"नको. आवाज चालू कर."

त्याने केला.

"काय म्हणतो गं तो? दिसतोय का मी आता?"

अक्काताईंनी काळ्या खिडकीकडे पाहिलं.

"दिसताय की," त्या म्हणाल्या. "दाढी वाढलीय तुमची."