वेणीचं गाणं

धाकटीनं आज डाव्या कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं आणि उजव्या कानातलं तसंच राहू दिलं. वरून केस ओढून घेतले. डबी आईला दिसेल अशी टेबलावर मिटून ठेवली आणि मोठ्या साळसूदपणे स्टुलावर जाऊन बसली.

"काढलंस ना?" आईनं समोर येऊन ओठ मोठे करून विचारलं. "तेलाचा हात लागला तर वाटोळं होईल त्याचं."

धाकटीनं मान डोलावली. खोटं नुसत्या मानेनं सांगितलं की कमी खोटं वाटतं.

मशीन येऊन आठवडाच झाला होता. चण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, कानात आत बसणारं. त्याआधी कुणी अगदी जवळ येऊन ओरडलं तरच तिला थोडंफार ऐकू यायचं. तेवढ्यावर ती बोलायला शिकली, शिवणाच्या कारखान्यात शर्टांना काजं करायच्या कामाला लागली. लोकांचे ओठ ती फडाफडा वाचायची. पण माणूस वळला की त्याचं वाक्य तिथंच तुटायचं. जे काही कळायचं ते समोरून. पाठीमागचं सगळं जग तिच्यापुरतं मुकं होतं.

आठवडाभर ती घरभर कान लावत फिरत होती. पडदा सारला की वरच्या कड्या खर्रकन धावतात. फ्रीज मधूनच कुरकुरायला लागतो आणि कुणी लक्ष दिलं नाही की आपणहून गप्प होतो. बिस्किट मोडताना कटकन वाजतं, हे ऐकण्यापायी तिनं अर्धा पुडा संपवला. आपण जेवताना मचमच करतो हाही शोध लागला, तेव्हा मात्र ती भडकली.

"एकोणीस वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं," बाबा ताटातून मान वर करून म्हणाले.

पण तिला खरी ओढ होती ती एकाच आवाजाची. रोज सकाळी वेणी घालताना आई मागं उभी राहून काहीतरी म्हणायची. आईचं पोट धाकटीच्या पाठीला टेकलेलं असायचं, आणि त्यातून एक बारीक थरथर तिच्या पाठीच्या कण्यात उतरायची. भांग पाडताना सुरू व्हायची, शेवटी रबर लावलं की थांबायची. लहानपणी एकदा तिनं विचारलंही होतं. आईनं तिची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि सांगितलं, "गाणं म्हणते." धाकटीनं त्या गाण्याला मनातल्या मनात चाल लावून टाकली. कारखान्यात त्याच चालीवर तिचा पाय हलायचा. शेजारची बाई विचारायची, "काय गं, कुणाची आठवण आली?" ती नुसती हसायची. दिवसभरातलं एवढं एकच सुख असं होतं की ते फक्त तिचं होतं. वेणीच्या वेळी मशीन काढून ठेवावं लागायचं, म्हणून सगळं जग ऐकून झालं तरी ते गाणं तेवढं राहिलं होतं.

कंगवा केसांतून फिरला. तो करकरतो हे तिला नवीन होतं. आईचा श्वास घरघरतो, हेही नवीन होतं. मग आई बोलायला लागली.

चाल नव्हती. ठेका नव्हता. साधंच काहीतरी होतं, मीठ दे म्हणावं इतक्या साध्या आवाजातलं, आणि प्रत्येक पेडाला पुन्हा तेच. धाकटीला शब्द लागेनात. ओठ दिसल्याशिवाय शब्द कळायची सवयच नव्हती तिला. मग तिला युक्ती सुचली. आई म्हणेल तसा तो आवाज तिनं गुपचूप आपल्याच ओठांवर घेतला, आणि आपलेच ओठ कसे हलतात त्यावरून वाचू लागली.

देवा.

माझ्याआधी.

हिला ने.

ओठ जागच्या जागी थांबले. आई थांबली नाही. "माझ्याआधी हिला ने रे देवा. माझ्यामागं हिला कोण बघणार?" पेडावर पेड पडत राहिला. आईच्या आवाजात राग नव्हता, वैताग नव्हता. उलट इतकी माया होती की धाकटीला त्या मायेचाच संताप आला. आपण कमावतो. दोन वेळचा स्वयंपाक करतो. बाबांच्या गोळ्या आणतो, बँकेत जातो, आईला दवाखान्यात नेतो. आणि ही रोज सकाळी, केसांना तेल लावून, लेकीचा मृत्यू मागते. तोही असा, की मुलीनं त्यावर पाय हलवून ताल धरावा.

आईनं रबर लावलं. वेणी पुढे टाकली, हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ मोठे करून म्हणाली, "बघ, किती छान झालीय."

"उद्यापासून माझी वेणी मी घालीन."

आई हसली. लहान मुलाला हसावं तशी. "वेडी की काय तू? मागचं दिसणार आहे का तुला?"

"दिसत नाही," धाकटी म्हणाली. "पण मागचं मला आता ऐकू येतं."