चाळीस मिनिटं

"दिवसाला किती चालता?" बीपी बघून झालं की डॉक्टर पद्मा हे प्रत्येक पेशंटला विचारायच्या, तसं त्यांनी वर्षालीलाही विचारलं.

उत्तर तिच्या नवऱ्यानं, नवनाथनं दिलं. "कुठं चालणार, मॅडम? एकच खोली. मी कंपनीत जाताना बाहेरून कुलूप लावतो. चाकणमध्ये कुणाचा भरवसा नाही."

वर्षाली खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी कागदावर शुगरच्या गोळीच्या खाली लिहिलं, 'रोज सकाळी चाळीस मिनिटं बाहेर चालणे.'

"हेही औषधच आहे," त्या नवनाथला म्हणाल्या. "चुकलं तर शुगर वाढत जाईल, इंजेक्शनं घ्यावी लागतील. तुमची पहिली शिफ्ट असते ना? मग किल्ली यांच्याकडे ठेवून जात जा."

तीन महिन्यांनी दोघं रिपोर्ट घेऊन आले. शुगर नॉर्मल होती.

"बरी झाली की ही," नवनाथ म्हणाला. "आता किल्ली माझ्याकडं घेतो."

मांडीवर किल्ली धरलेली वर्षालीची मूठ घट्ट आवळली गेली.

डॉक्टरांनी त्या मुठीकडं पाहिलं आणि पेन उघडलं.

"गोळी बंद करू," त्या म्हणाल्या. "चालणं मात्र आता सकाळ-संध्याकाळ. जन्मभर."