गप्पांचा बाक

सोसायटीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एकटेपणा घालवायचाच, असा विडा सेक्रेटरीसाहेबांनी उचलला. गेटजवळच्या मोकळ्या जागेत चकचकीत बाक बसवला, वर 'या, मनमोकळं बोला' अशी पाटी ठोकली. फीत स्वतःच कापली, टाळ्याही स्वतःच सुरू केल्या. महिना उलटला, तरी बाकाकडे कबुतरांशिवाय कुणी फिरकलं नाही.

"या लोकांना आयतं दिलं तरी नको असतं!" साहेब बायकोजवळ करवादले.

एका सकाळी मात्र तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी उशीचा एकुलता एक अभ्रा हातात घेऊन बाकापाशी घुटमळताना दिसल्या. साहेबांना हुरूप आला. "बसा ना आजी! काय बोलायचंय ते बोला. तुमच्यासाठीच तर केलंय हे सगळं."

ताटात पडलेल्या माशीकडे पाहावं, तसं आजींनी आधी बाकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.



"इथे इस्त्रीवाल्याची टपरी होती, साहेब. बायका एकेक कपडा घेऊन येतात आणि तासन्‌तास गप्पा छाटत बसतात, म्हणून तुम्हीच उठवलीत ना ती?"