भिवाचे हात

खोक्यावर बल्ब टांगला, बटण दाबलं आणि भिवा मोहीम फत्ते केल्यासारखा खुर्चीत बसला. खोक्यातली पाच पिल्लं मात्र गप्प बसेनात. एकमेकांच्या अंगावर चढून त्यांनी चिवचिव करत अख्खी चाळ डोक्यावर घेतली होती.

त्यांची आई आदल्या रात्री गेली. नायगावात समोरच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या झाल्यापासून माजलेल्या एका बोक्याने गॅलरीतल्या खुराड्यातून तिला उचललं. कोंबडी भिवाच्या बायकोची, चंपाची लाडकी. चंपा बाळंत झालेल्या लेकीपाशी, सीमापाशी हॉस्पिटलात होती. सकाळी तिथूनच तिने नवऱ्याला फोनवर बजावलं होतं, "कोंबडी गेली ती गेली. मी दुपारी सीमाला नि बाळाला घेऊन घरी येते. तोवर पिल्लं जिवंत पाहिजेत."

पिल्लांचं एक टेन्शन. दुसरं त्याहून मोठं. काल वॉर्डात सीमाने आपलं बाळ त्याच्यापुढे धरलं, आणि भिवाने चटकन दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं, माझे हात दगडासारखे." सगळा जन्म बसचं स्टिअरिंग वळवलेले हात ते. एवढासा लालबुंद जीव त्यांच्यात ठेवायचा म्हणजे काय! सीमा हसली खरी, पण तिचा पडलेला चेहरा भिवाला दिसला होता. तो काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"भावजी, पिल्लांचो जीव जातलो हां," शेजारच्या राधावहिनी दारातूनच म्हणाल्या. आत येऊन त्यांनी बल्बखाली हात धरला. "ह्यो तर थंडगार आसा. एलईडीक ऊब खंय? पूर्वीचे पिवळे बल्ब गेले ते गेले."

भिवानेही हात धरून पाहिला. उजेड लखलखीत, ऊब नावाला नाही.

मग त्याला शेगडी आठवली. बाळंतिणीच्या शेकासाठी चंपाने ती घासूनपुसून, कोळसे भरून तयारच ठेवली होती. बाजूला ओव्याची पुडी. भिवाने कोळसे फुलवले, शेगडी खोक्याजवळ सरकवली आणि मूठभर ओवाही टाकला. शेगडी म्हटली की ओवा आलाच. पोरांच्या वेळी घरात हेच चालायचं, ते त्याने दाराबाहेर उभं राहून बघितलं होतं. बघता बघता खोलीत धूर कोंदला. पिल्लं चोची वासून धापा टाकायला लागली आणि भिवाला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे देवा! पिल्लांका कोण बाळंतिणीची धुरी देता काय?" राधावहिनींनी खिडकी सताड उघडली, शेगडी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि तिथेच पोट धरून हसत बसल्या.

भिवाला हसू येईना. एक पिल्लू मान टाकून कोपऱ्यात पडलं होतं.

"मग करू काय, वहिनी?" त्याचा आवाज रडवेला झाला.

राधावहिनींचं हसू ओसरलं. "बाटलीत कढत पाणी भरा, फडक्यात गुंडाळा. आणि वरसून हात ठेवा. कोंबडी काय बाजूक बसता? ती वर बसता. दाबूचा नाय. नुसतो ठेवचो."

भिवाने चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, सरबताची काचेची बाटली भरली, चंपाच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात आडवी ठेवली. मान टाकलेलं पिल्लू त्याने अलगद उचललं. एवढंसं काळीज तळहातावर धडधडत होतं. त्याने ते बाटलीला टेकवलं आणि वर आपला पंजा धरला.

पिल्लं एकेक करून हाताखाली सरकली. चिवचिव उतरत उतरत नुसती कुजबुज राहिली. मान टाकलेलं पिल्लू हललं, त्याने भिवाच्या अंगठ्याला एकदा टोचून पाहिलं आणि तिथेच डोळे मिटले. भिवाला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की नाकाला खाज सुटली तरी त्याने हात काढला नाही. राधावहिनींनी आणलेला चहा डाव्या हाताने प्यायला. बाटली निवली की पाणीही त्यांनीच बदललं.

दुपारी चंपा दारात आली आणि तिने नाक फेंदारलं. "ओव्याचा वास कसला हो?" मग तिला खोकं दिसलं. "जिवंत आहेत?"

"पाचही. हळू बोल."

तिच्यामागून सीमा आली. टॅक्सीत बसल्यापासून बाळाने रडून हैदोस घातला होता. बापाकडे न बघताच ती बाळाला थोपटत बसायला जागा शोधू लागली. आज तिने बाळ पुढे केलं नाही, हे भिवाच्या लगेच ध्यानात आलं.

"चंपा, इथे बस. हात ठेव. वरून. दाबायचं नाही, नुसता ठेवायचा."

चंपा पिशव्यांसकट खाली बसली. भिवाने मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले. मग गॅलरीत जाऊन शेगडीत राखेखाली उरलेल्या निखाऱ्यांवर दोन्ही तळवे नीट शेकून घेतले, गालाला लावून बघितले आणि सीमापुढे येऊन उभा राहिला.

"आण गं."

सीमाने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग बाळ त्या दोन पंजांत ठेवलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, एक उसासा टाकला आणि गप्प झालं. "पप्पा," एवढंच म्हणून सीमाने डोळे पुसले. भिवाने ते बघितलं नाही, तो बाळाचे कान बघत होता.

थोड्या वेळाने चंपा म्हणाली, "अहो, माझा हात अवघडला."

"अवघडू दे," भिवा बाळावरची नजर न हलवता म्हणाला. "कोंबडी उठते का अशी मधेच?"