न नेलेले कपडे

"मापं ढगात ठेवायले ते काय कबुतरं हाय?" इब्राहीम मास्तर दातात टाचणी धरूनच पुटपुटले. कात्री चालूच होती.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या अफ्रीननं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दुकानातला जुना कॉम्प्युटर सकाळपासून तिसऱ्यांदा अडकला होता. ईद दहा दिवसांवर, आणि रिसोडमधल्या अर्ध्या गिऱ्हाइकांची अकरा वर्षांची मापं त्या एका डब्यात. अफ्रीननं घरी बायकांचं शिवणकाम सुरू केल्यापासून एकेका मापासाठी तिला दुकानात पळत यावं लागे.

"अब्बा, हा मेला तं मापं बी मरतीन याच्यासंगं. क्लाउडवर टाकली का घरी बी दिसतीन, दुकानात बी. कितीबी गिऱ्हाईक येऊ द्या, अडकत नाई."

"साऱ्यांचीच जातीन?"

"साऱ्यांची."

"जुनी बी?"

"एकूण एक."

मास्तरांनी टाचणी काढून कापडाला लावली. "बायांची मापं हाय त्यात. कोणी पायली तं?"

"कुलूप रायते त्याले. वाशीमचे साहेब सांगून राह्यले होते."

साहेबांचं नाव निघालं आणि कोपऱ्यात काजं करत बसलेल्या तिच्या आईच्या, मेहरबीच्या बोटात सुई गेली.

वाशीमचे साहेब म्हणजे तौकीर. मास्तरांचा थोरला मुलगा, अफ्रीनचा भाऊ. हा मापांचा प्रोग्रॅमही त्यानंच केलेला, विशीत, याच स्टुलावर बसून. नीट चालतो का बघायला पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यानं स्वतःचंच नाव आणि फोन नंबर टाकला होता. पुढे त्यानं वाशीमला एका रेडीमेडच्या शोरूममध्ये कॉम्प्युटरची नोकरी धरली. "रेडीमेडचं मीठ खाणाऱ्यानं माया दुकानाची पायरी चढू नये," मास्तर म्हणाले. तो चढला नाही. सात वर्षं झाली. त्या दिवसापासून घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. प्रोग्रॅममधलं ते पहिलं नावही अब्बांनी केव्हाच पुसलं असणार, असं अफ्रीन धरून चालली होती. उघडून बघायची हिंमत तिला झाली नव्हती.

ती नोकरी तौकीर अजून करत होता. जोडीला तो शिंप्यांचे जुने प्रोग्रॅम क्लाउडवर नेऊन द्यायचं काम करी. अब्बांची मापं परक्या हातात जाऊ नयेत, हा त्याचा हट्ट. म्हणून त्याच्याशी चोरून बोलणाऱ्या आई-बहिणीच्या संगनमतानं तो साहेब झाला. फोनवर आवाज जाड करून पुस्तकी मराठी बोलायचा.

"किती अदबीनं बोलते हो हा माणूस," मास्तर इफ्तारला बसले की म्हणत. "मायबापानं चांगला घडवला असन."

मेहरबीच्या तोंडात खजूर नुसता फिरत राही.

"रोजे ठेवून खोटं बोलून राह्यलो आपण," ती स्वयंपाकघरात अफ्रीनला म्हणाली. "पोट उपाशी ठेवून काय उपेग, तोंडच खोटं असन तं?"

"ईदनंतर सांगू अम्मी."

"मागच्या ईदले बी असंच म्हणत होती तू."

मास्तरांना मात्र काही पत्ता नव्हता. ते आपल्या कामात. त्यांची नजर टेपेपेक्षा पक्की. बाई दारातून आत येईपर्यंत, तिला हात न लावता, तिचं माप लिहून झालेलं असे. सुया तेवढ्या त्यांना रिसोडच्या चालत नसत. दर वर्षी रमजान लागायच्या आधी एसटीनं वाशीमला जात, अख्खा दिवस घालवत आणि सुयांची एक पुडी घेऊन येत. "सुया आणल्या का खाणीतून लोखंड काढून आणलं?" मेहरबी चिडवायची. ते हसायचे नाहीत.

सकाळी दुकान उघडल्यावर थोडा वेळ ते एकटेच कॉम्प्युटरपुढे बसत आणि एका बोटानं काहीबाही टाइप करत. तेव्हा कोणी जवळ आलेलं त्यांना खपत नसे. वरच्या फळीवरच्या पेपरात बांधलेल्या गठ्ठ्याला हात लावलेलाही खपत नसे. शिवून झालेले, पण न नेलेले कपडे. प्रत्येक शिंप्याकडे असतात. "गिऱ्हाईक येईन," एवढंच म्हणत.

दुपारी अफ्रीननं साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तासाभरात मापं गेली. तिनं मोबाइल उघडला. अकरा वर्षं तिच्या तळहातावर आली होती.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "आणखी एक सोय आहे. कपडे तयार आहेत पण नेलेले नाहीत, अशा गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जाईल. चालू करायची का?"

अफ्रीन हो म्हणणार, तेवढ्यात मास्तर बोलले. "साऱ्यांले जाते का, का निवडून?"

"सर्वांना जाईल."

"नंबर जुना असन तरी?"

"नंबर चालू असला की झालं."

कात्री कापडाच्या मध्येच थांबली. अफ्रीननं जन्मात कधी ती अशी मध्येच थांबलेली पाहिली नव्हती. कापड बिघडतं त्यानं.

"करा चालू, साहेब," मास्तर म्हणाले.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर गेलेल्या मेसेजची यादी उमटायला लागली. आणि फोनच्या पलीकडे, वाशीमला, टिंग असं वाजलं.



"हॅलो? साहेब?" अफ्रीन म्हणाली. श्वास तेवढा ऐकू येत होता, नाक ओढल्यासारखा. तिनं यादीची पहिली ओळ वाचली. गिऱ्हाईक क्रमांक एक. तयार कुरते: सात.

मेहरबी काज सोडून उठली. मास्तर स्टूल ओढून फळीपाशी गेले, वर चढले, गठ्ठा खाली घेतला आणि पेपरावरची धूळ बाहीनं पुसली. मग वळून फोनकडे पाहत म्हणाले,

"शोरूमच्या समोर उभं राहून दरसाल नजरेनं माप घेतलं तुयं, तौकीर. औंदा ये, टेपनं घेऊ दे."