चमचा लख्ख निघाला

"विष आहे म्हणे," थोरली शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने. "चाळीस वर्षं मी रान तुडवतेय, आणि आता ही काल दात आलेली पोर मला अळंबी ओळखायला शिकवणार."

शाळेला सुट्टी होती. मोठ्या खोलीत बाकं भिंतीला सरकवली होती. पुढे टेबल, टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं आणि त्यामागे नर्स. दाराशी फट पाडलेला पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात लोक जे टाकतील त्यातून रानाच्या वाटांवर चित्रांचे फलक लागणार होते, आणि कुणी खाल्लीच भलती अळंबी, तर त्याला दवाखान्यात न्यायला एक गाडी. येताना थोरलीने त्या डब्याकडे, दुधाच्या भांड्याशी बसलेल्या मांजराकडे बघावं तसं बघितलं होतं.

तिची स्वतःची अळंबी घरी चुलीवर होती, सकाळीच खुडून आणलेली. सासूकडून आलेला चांदीचा चमचा तिने उकळत्या पातेल्यात बुडवून बाहेर काढला होता. लख्ख. विष असतं तर काळा पडला असता. "पोरं खेळून आली की वाढ," असं सुनेला बजावून ती इथे आली होती, ती चुका काढायला.

पण पहिल्याच रांगेत एक म्हातारी तिच्यावर कडी करत होती. ओळखीची नव्हती. वरच्या वस्तीवरची असावी. नर्सने न मागताच कोमट पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला होता, आणि पाणी पिऊन म्हातारी उलट जास्तच तापली होती.

"गोगलगाय खाते ती अळंबी माणसाला चालते. एवढंही माहीत नाही तुला?"

"गोगलगायीचं पोट वेगळं, आजी."

"लग्न झालंय का तुझं?"

"झालं होतं."

"मग सासूने काही शिकवलेलं दिसत नाही."

खोलीत खसखस पिकली. सगळ्यांत मोठ्याने थोरली हसली.

"शिकवलं ना," नर्स शांतपणे म्हणाली. "तेच तर सांगतेय."

म्हातारीने पिशवीतून चांदीचा चमचा काढला आणि तरातरा टेबलाशी गेली. थोरली बसल्या जागी ताठ झाली. अगदी आपल्यासारखाच चमचा, दांड्यावर वेल कोरलेला.

"ह्या पातेल्यात काय शिजतंय?"

"विषारी अळंबी. दाखवायला मुद्दाम आणलीय."

"बघू दे विष." म्हातारीने चमचा बुडवला, ढवळला, वर धरला. सगळ्यांनी माना उंचावल्या. चमचा लख्ख. "बघा, काही नाही ह्यात. वाढ मला."

तिने खरंच चमचाभर उचललं. ओठांपर्यंत नेलं. नर्सने झडप घालून तिचं मनगट धरलं. चमचा खाली पडून खणखणला.

"हे खाल्लं की रात्रभर काही होत नाही," नर्स म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सकाळी उलट्या, जुलाब. मग एक दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात, सुटला. आणि तेव्हाच आतून यकृत सडत असतं. चांदीला त्यातलं काही कळत नाही."

एवढी बडबडी म्हातारी, पण आता खाली वाकून चमचा शोधत राहिली.

नर्सने मग चित्र दाखवलं. फिकट टोपी, देठाला कडं, आणि अगदी बुडाशी, मातीत, अंड्याच्या कवचासारखी पिशवी. "देठ वरच्यावर कापलात तर ही रानातच राहते. मग तुम्ही घरी काय आणलंत, ते कुणालाच सांगता येत नाही."

थोरली नेहमी वरच्यावरच कापायची. मातीने टोपली घाण होते म्हणून.

ती उठली. "कुठे निघालीस?" शेजारणीने विचारलं. "दूध उतू जाईल," थोरली म्हणाली आणि ह्या वयात धावता येतं तेवढी धावली.

घरी दोन्ही नातवंडं ताटांवर बसली होती. सुनेच्या हातात डाव होता.

"थांब."

"का हो, आई?"

"मीठ जास्त झालंय."

"चाखलीत कधी?"

"जास्त झालंय म्हटलं ना." थोरलीने पातेलं उचललं, परसात नेलं, खड्डा खणून ओतलं आणि वर दगड ठेवला. सून दारात उभी राहून बघत होती. पोरांना तिने बटाटे वाढले, आणि आज पहिल्यांदाच सासूच्या ताटात स्वतःहून मोठा बटाटा घातला.

थोरलीने मात्र जेवायच्या आधी मांडणीवरचा चांदीचा चमचा उचलला आणि परत शाळेची वाट धरली. चूक कबूल करायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. पण चमचा डब्यात टाकायला तोंड उघडावं लागत नाही.

खोली रिकामी झाली होती. बाहेर नर्सची गाडी उभी होती. नर्स डबा आत ठेवत होती, आणि पुढच्या सीटवर ती म्हातारी शाल लपेटून बसली होती. तिला वस्तीवर पोचवायला निघाली असेल बिचारी नर्स, थोरलीला वाटलं.

"हा घे," तिने नर्सपुढे चमचा धरला. "विकून फलक लाव. पहिला आमच्या वाटेवर." मग तिने गाडीत डोकावून म्हातारीला कोपरखळी दिली. "तूही टाक गं तुझा. आपण दोघी सारख्याच शहाण्या."

"माझा नाही देता येत," म्हातारी म्हणाली. "उद्या पुढच्या गावात भांडताना लागेल."

थोरलीने म्हातारीकडून नर्सकडे बघितलं. नर्सने मान खाली घातली.

"भांडण रोज खोटं असतं, बाई," म्हातारी मांडीवरचा चमचा पुशीत म्हणाली. "चमचा खरा आहे. माझ्या लेकाला, हिच्या नवऱ्याला, मी ह्याच्यावरच पारखून वाढलं होतं."