नजर कुठे थांबली

पहिली दाद आली तशा कौतुकमावशी खुर्चीतून उठल्याच. ‘माझी नजर आधी वाफेवर थांबली,’ असं कोणीतरी लिहिलं होतं.

वाफ? त्यांच्या फोटोत तळ्यावर धुकं होतं खरं. धुक्यालाच वाफ म्हणाला असेल बिचारा, अशी समजूत घालून त्या पुन्हा बसल्या.

हौशी फोटोवाल्यांच्या त्या ऑनलाइन गॅलरीत नुसतं ‘छान’ लिहून सटकायची सोय नव्हती. नजर पहिल्यांदा कुठे थांबली ते सांगायचं, अशी तिथली रीत. त्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाची ओली छत्री असो, कोणाचं हललेलं मांजर असो, त्या प्रत्येकात काहीतरी शोधून काढायच्याच. कौतुकमावशी हे नावही तिथल्याच लोकांनी दिलेलं. स्वतःचा फोटो मात्र त्यांनी कधी टाकला नव्हता. कोणी हसलं तर, ही धास्ती. आज धीर करून त्यांनी तळ्यावरचा बगळा टाकला होता.

दुसरी दाद आली. ‘मी तर बनियनच्या भोकातच अडकलो.’

बनियन? चष्म्याचं दुकान चालवणारी ही बाई आज स्वतःचा चष्मा दुकानात विसरून आली होती. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. बगळा राहिला बाजूला, त्याच्या शेजारचा फोटो गेला होता. खिडकीपाशी इस्त्री करणारे त्यांचे यजमान, फाटक्या बनियनमध्ये, वाफेत अर्धे बुडालेले. उजेड कसा पडतो ते बघायला त्यांच्या नकळत काढलेला.

आणि यजमान म्हणजे कॅमेरा दिसला की पसार होणारे. लग्नाच्या फोटोंतही जेमतेम सापडतात.

“काय झालं गं?” ते मागे येऊन उभे होते.

“चुकून तुम्हालाच टाकलं,” मावशी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “थांबा, काढून टाकते.”

यजमान वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. “काढशील गं. आधी वाच तरी, काय म्हणतायत.”

मावशी अक्षरं मोठी करून वाचू लागल्या. एकीची नजर शर्टाची कॉलर धरलेल्या बोटांवर थांबली होती. बाळाचं बोट धरावं तशी धरलीय म्हणे. एकाने लिहिलं होतं, माझे वडील असेच इस्त्री करायचे, आज दिसले. हसलं कोणीच नव्हतं. वाचता वाचता मावशींचा आवाज खुलत गेला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या कशाचाही झाला नव्हता.

तेवढ्यात आणखी एक दाद आली. ‘ओठ बघा. हे शिट्टी वाजवतायत का?’

मावशींनी मान वर केली. “काय करू? काढू?”

यजमानांचे कान लाल झाले होते. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. “त्यांनी विचारलंय, त्यांना उत्तर नको द्यायला? शिट्टीच होती म्हणावं.”

मावशी हसू दाबत टाइप करू लागल्या.

“आणि सुरात होती,” यजमान म्हणाले, “तेही लिही.”